गुडघ्याखालचे साडेपाच इंच

कुणाचा तरी पाय गेला आणि त्याला कृत्रिम पाय बसवला असं कानावर आलं, की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘जयपूर फूट का?’ हिंगोलीच्या मोंढ्यात विचारा किंवा पुण्याच्या पेठेत, कृत्रिम पायाला हे एकच नाव लोकांना ठाऊक आहे. पण फूट म्हणजे पाऊल. जयपूरला तयार झालं ते घोट्याखालचं रबरी पाऊल. त्याच्या वर नळी येते, आणि नळीच्या वरच्या टोकाला ती पोकळ वाटी, जिच्यात माणसाचा उरलेला पाय जातो. सगळं शरीर तोलून धरते ती ही वाटी, आणि तिला मराठीत नावच नाही. कारागीर आणि तंत्रज्ञ तिला ‘सॉकेट’ म्हणतात, उरलेल्या पायाला ‘स्टंप’ म्हणतात, आणि पाय वापरणारा माणूसही काही महिन्यांत हेच शब्द वापरू लागतो. पावलाचं कौतुक खूप झालं, त्यावर लेख झाले, पुरस्कार मिळाले, सिनेमाही निघाला. सॉकेटचा इतिहास मात्र कुणी फारसा सांगत नाही. कृत्रिम पाय वापरात राहतो की घराच्या कोपऱ्यात जातो, हे बहुतेक वेळा पावलावर ठरत नाही. ते सॉकेटवर ठरतं.

आणि सॉकेट कसं बसेल ते सर्जनच्या करवतीवर ठरतं. ब्रिटिश शस्त्रक्रियेच्या परंपरेत गुडघ्याखाली पाय कापताना नडगीचं हाड साडेपाच इंच ठेवावं, असा दंडक होता. आजही मोठ्या माणसात साधारण पाच ते सात इंच राखतात. याहून फार आखूड ठेवलं तर सॉकेटला पकड मिळत नाही. फार लांब ठेवलं, म्हणजे घोट्याच्या जवळ कापलं, तर तिथे हाडावर मांस नसतं, रक्तपुरवठा कमी असतो, जखम चिघळते. गुडघा वाचवण्याची किंमत किती, याचं मोजमाप अमेरिकेत रॉबर्ट वॉटर्स आणि जॅकलिन पेरी यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलं. ते आकडे आता पाठ्यपुस्तकांत आहेत: अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाला तेवढंच अंतर चालायला सुमारे २५ टक्के जास्त शक्ती लागते, गुडघ्याच्या वर गेलेल्याला ६५ टक्क्यांच्या पुढे. गंमत अशी की तो माणूस दमलेला दिसत नाही. तो आपोआप हळू चालू लागतो आणि आपल्याला वाटतं, याला सवय झाली.

गुडघा वाचवण्याला आज एवढं महत्त्व आहे, पण काही शतकं वाचवलेला गुडघा वाया जात असे. ऋग्वेदातल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोखंडी जांघ बसवली, ही कथा आपल्या भाषणांतून नेहमी येते. ती विश्पला बाई होती की घोडी, यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. तेव्हा तिच्यावर प्रॉस्थेटिक्सचं शास्त्र उभं न केलेलं बरं. प्रत्यक्ष पुरावा हवा असेल तर सोळाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये जावं लागतं. आंब्रोझ पारे या लष्करी सर्जनने छापलेल्या पुस्तकात दोन तऱ्हांचे पाय आहेत. एक लोखंडी, सांध्यांचा, चिलखतासारखा दिसणारा, अर्थात सरदारांसाठी. दुसरा साधा लाकडी दांडा. त्याच्या चित्राखाली स्पष्ट लिहिलंय की हा गरिबांसाठी आहे. या गरिबाच्या पायात माणूस गुडघा मागे दुमडून, त्या दुमडलेल्या गुडघ्यावर उभा राहत असे. म्हणून सर्जन पाय मुद्दाम गुडघ्याखाली चार बोटांवर कापत. जास्त ठेवला तर दुमडलेला तुकडा मागे काठीसारखा बाहेर येई आणि जाता-येता आपटे. गुडघा होता, पण त्याचं काम खुंटीला टेकण्यापुरतं उरलं होतं. पाय कुठे कापायचा हे शरीराने ठरवलेलं नव्हतं. रोग्याला पुढे कसला पाय परवडणार आहे, त्यावर ते ठरे.

१६९६ साली ॲमस्टरडॅमच्या पीटर व्हर्डाउन या सर्जनने वेगळा पाय केला. त्यात उरलेल्या नडगीसाठी तांब्याचं सॉकेट होतं, मांडीला चामड्याचा पट्टा, आणि दोन्हींना जोडणाऱ्या बिजागऱ्या. गुडघा पुन्हा वाकू लागला. कल्पना उत्तम होती, पण ती फारशी पसरली नाही. पाय कापून घेऊन जिवंत राहणारे लोकच कमी होते. वेदना सहन करण्याला मर्यादा होती म्हणून सर्जनची कीर्ती वेगावर ठरे, आणि घाईघाईत केलेल्या कामात हाडाचं टोक घासून गोल करायला, कातडी नीट बेतायला कुणाला सवड असणार? चांगलं सॉकेट बसेल असा स्टंप तयार व्हायचा तर रोगी आधी बेशुद्ध असायला हवा.

ती बेशुद्धी १८४६ साली ईथरने आणि १८४७ साली क्लोरोफॉर्मने आली. इथे हिंगोलीचा संबंध येतो, जरा आडवळणाने. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि हैदराबाद कंटिंजंट या फौजेची तिथे छावणी होती. ती १९०३ मध्ये कंटिंजंट मोडेपर्यंत राहिली. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर अजूनही ‘हिंगोली डेक्कन’ लिहिलेलं आहे. राज्याच्या राजधानीत १८४६ साली उर्दूतून शिकवणारी वैद्यकशाळा निघाली. पुढे १८८८ आणि १८८९ साली याच हैदराबादेत क्लोरोफॉर्मवर दोन कमिशनं बसली. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा दावा होता की क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास बंद पडून, हृदय बंद पडून नव्हे. तेव्हा भूल देणाऱ्याने नाडीकडे पाहू नये, श्वासाकडे पाहावं. ‘लॅन्सेट’ला हे पटेना. सहावे निजाम महबूब अली खान यांनी पैसे दिले, लंडनहून लॉडर ब्रंटन आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, आणि निकाल लॉरींच्या बाजूने लागला. पुढे १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय अचानक थांबू शकतं. म्हणजे लॉरी मुद्द्यात चुकले होते. पण श्वासावर लक्ष ठेवण्याची शिस्त तेवढी खरी होती, आणि त्याच हैदराबादेत भूल द्यायला शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी जगातल्या अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत गणल्या जातात.

जगाचं लक्ष वेधणारा हा प्रयोग ज्या राज्याच्या राजधानीत झाला, त्याच राज्याच्या उत्तर टोकाला हिंगोली होती. विद्या राजधानीत आणि रोगी टोकाला, ही मांडणी राज्यं बदलली तरी बदलली नाही. १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. राजधानी तेवढी हैदराबादहून मुंबईला गेली.

कृत्रिम पाय आपल्याकडे आला तो लष्कराच्या वाटेने. पहिल्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या हिंदी सैनिकांसाठी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू केलं. ते पुढे खडकीला गेलं. तिथे भर होता तो हातात काही कसब देण्यावर. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर उभं राहिलं. सैनिकांसाठी निघालेल्या या केंद्राने पुढे नागरिकांनाही पाय दिले. १९७१ च्या युद्धात सुरुंगावर पाय पडल्यावर मेजर इयन कार्डोझो यांनी स्वतःच्या कुकरीने चिंधड्या झालेला पाय तोडला, ही हकिकत अनेकांना माहीत असते. त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी असलेल्या पाकिस्तानी सर्जनने, हेही काहींना माहीत असतं. पण पुढे ते पुण्याच्या या केंद्रात लाकडी पायावर उभे राहिले आणि कृत्रिम पायावर पलटणीचं नेतृत्व करणारे भारतीय सैन्यातले पहिले अधिकारी झाले. ती गोष्ट कुकरीइतकी सांगितली जात नाही. नागरिकांसाठी १९५५ साली मुंबईत केंद्र सरकारची संस्था निघाली, जिला लोक नुसतं ‘हाजीअलीचं हॉस्पिटल’ म्हणतात. पुणे आणि मुंबई. हिंगोलीहून पुणं ४०० किलोमीटरहून जास्त, मुंबई त्याच्याही पुढे.

त्या काळचे पाय म्हणजे व्हर्डाउनचीच सुधारलेली आवृत्ती. लाकूड कोरून केलेलं सॉकेट, त्यात स्टंप बुचासारखा खुपसायचा, बाजूला पोलादी पट्ट्या, मांडीला लेस बांधलेलं चामडं. वजनाचा बराच भाग मांडी उचलायची. मांडी आवळून आवळून बारीक होई, चामडं घामाने सडे.

हे बदललं ते कॅलिफोर्नियात, बर्कली विद्यापीठात. १९५०च्या दशकाच्या शेवटी चार्ल्स रॅडक्लिफ आणि जेम्स फूर्ट यांनी एक साधा प्रश्न घेतला: स्टंपच्या कुठल्या भागाला दाब सोसतो आणि कुठल्या भागाला नाही? गुडघ्याच्या वाटीखाली बोट दाबून पाहा. वाटी आणि नडगीचा उंचवटा यांच्यामध्ये एक चिवट, जाड पट्टा लागेल. जोरात दाबला तरी तो दुखत नाही. आता बोट नडगीच्या पुढच्या धारेवर न्या. तिथे लगेच कळ येते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बारीक हाडाचा गोल मणी लागतो. त्याच्या मागून एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो, तिथे दाब अजिबात चालत नाही. रॅडक्लिफ आणि फूर्ट यांनी सॉकेट याच नकाशावर बेतलं. वाटीखालच्या पट्ट्यावर आत येणारा कठडा, गुडघ्यामागून त्याला प्रतिदाब, नडगीच्या आतल्या फुगीर भागावर टेकण, आणि धार, मणी, हाडाचं टोक यांना मोकळी जागा. मांडीचं चामडं गेलं, पट्ट्या गेल्या. १९६१ साली त्यांची पुस्तिका आली आणि जगभर हीच पद्धत शिकवली जाऊ लागली. सॉकेटची तळबाजूही स्टंपला सगळीकडे टेकलेली असावी, असा त्यांचा आग्रह होता. टोक अधांतरी लोंबत राहिलं तर तिथे रक्त आणि पाणी साचून सूज येते, पुढे कातडी काळी आणि खरबरीत होते.

हे सॉकेट करण्याचं काम पाहिलं तर ते शिंप्याचं, कुंभाराचं आणि मूर्तिकाराचं मिळून आहे. स्टंपवर पातळ ओला मोजा चढवतात आणि नाजूक जागा कॉपिंग पेन्सिलने खुणावतात. त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि प्लास्टर घट्ट होत असताना वाटीखाली दोन्ही अंगठे दाबून धरायचे. साचा निघाला की पेन्सिलच्या जांभळ्या खुणा त्याच्या आत उमटलेल्या असतात. आत पुन्हा प्लास्टर ओतलं की त्याच खुणांसह स्टंपची प्रतिकृती मिळते. खरं कसब यापुढे. जिथे दाब द्यायचा तिथे प्रतिकृती किसून खोल करायची, जिथे मोकळीक हवी तिथे प्लास्टरची भर घालायची. किती किसायचं, ते कुठल्या तक्त्यात नसतं. माणूस जाड आहे की हाडकुळा, स्टंप नवा आहे की पिकलेला, तो दिवसभर उभा राहणार की खुर्चीत बसणार, हे पाहून कारागिराचा हात ठरवतो. चार-पाच मिलीमीटर इकडेतिकडे झाले तर आठवड्यात जखम होते.

सर्जन आणि सॉकेट यांची गाठ पक्की बांधली ती सिॲटलच्या अर्नेस्ट बर्जेस यांनी, १९६०च्या दशकात. पोटरीमागच्या मांसाला आणि कातडीला पुढच्या बाजूपेक्षा रक्त जास्त मिळतं, म्हणून त्यांनी मागचा लांब पदर राखून तो हाडाच्या टोकावरून पुढे आणून शिवण्याची पद्धत रुळवली. त्यामुळे हाडाच्या टोकाला पोटरीची गादी मिळाली, टाके पुढे आले, आणि रक्तवाहिन्या खराब झालेल्या रोग्यांचाही गुडघा वाचू लागला. मधुमेहाने पाय कापावे लागणाऱ्यांची संख्या ज्या देशात मोठी आहे, तिथे याचं मोल वेगळं सांगायला नको. नडगीच्या पुढच्या टोकाची धार तिरकी घासायची, बाजूचं बारीक हाड जरा आखूड ठेवायचं, मज्जातंतू किंचित ओढून वर कापायचा म्हणजे त्याचं टोक मांसात दडतं. शस्त्रक्रियेच्या खोलीत या गोष्टींना फार तर पंधरा मिनिटं जास्त लागतात. रात्री अपरात्री, रक्तस्राव चालू असताना, मळणी यंत्रात सापडलेला पाय समोर असताना ती पंधरा मिनिटं द्यायची की नाही, हे ज्याच्या हातात असतं त्याने पुढे सॉकेट बसवणाऱ्याला भेटलेलं असतंच असं नाही. आपल्याकडे या दोघांची गाठ क्वचितच पडते.

याच सुमारास, १९६८ च्या आसपास, जयपूरच्या सवाई मानसिंग हॉस्पिटलात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ते पाऊल तयार केलं. अस्थिशल्यविशारद आणि मूर्ती घडवणारा माणूस, अशी जोडी. पाश्चात्त्य पाऊल बुटात घालण्यासाठी केलेलं होतं. बूट काढला की ते निरुपयोगी, आणि त्यावर उकिडवं बसता येत नव्हतं. सेठींच्या पावलात स्पंजसारखं रबर, घोट्याला लाकडी ठोकळा आणि वरून टायरच्या दोऱ्याचं रबर घालून साच्यात भाजत. ते अनवाणी चाले, चिखलात चाले, घोट्यात वाके. १९७८ साली ‘प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स इंटरनॅशनल’ या नियतकालिकात सेठी आणि सहकाऱ्यांनी त्यावर लेख लिहिला. १९८१ मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मुंबईच्या सुधा चंद्रन यांचा अपघातानंतर पाय गेला, त्या जयपूरच्या पायावर पुन्हा नाचल्या आणि १९८६ च्या ‘नाचे मयूरी’ने ते पाऊल घराघरांत पोहोचवलं.

हे पाऊल हिंगोलीसाठी का मोलाचं, ते समजायला औंढा नागनाथाच्या देवळात जावं. तिथला गाभारा सभामंडपाच्या पातळीखाली आहे. अरुंद, उभ्या पायऱ्यांनी अनवाणी, वाकून, अंग चोरून खाली उतरावं लागतं, आणि खाली उभं राहायला जागा नाही. बुटासाठी केलेलं पाऊल त्या पहिल्या पायरीशीच थांबतं. देऊळ सोडा, पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल, हळद वेचताना तासन्‌तास उकिडवं बसणं, बांधावरून चालणं, यातलं काहीच लाकूड-चामड्याच्या पायाला झेपणारं नव्हतं. सेठींनी परीक्षेचा पेपरच बदलला, असं म्हटलं तरी चालेल.

पण सॉकेट? जयपूरला सुरुवातीला ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून सॉकेट आणि नळी करत. पुढे शेतात पाणी नेणाऱ्या एचडीपीई पाइपचा तुकडा तापवून प्लास्टरच्या प्रतिकृतीवर चढवू लागले. सॉकेट आणि नळी एकसंध, स्वस्त, हलकी, आणि काही तासांत तयार. माणूस सकाळी येऊन संध्याकाळी चालत जाऊ शकतो, हे यामुळेच शक्य झालं. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय मोफत दिला आणि शिबिरांतून गावोगाव नेला. मुंबईचा रत्ननिधी ट्रस्ट, पुण्याचं साधू वासवानी मिशन यांच्यासारख्या संस्थांनीही पाय वाटले. केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे. ही शिबिरं नसती तर जिल्ह्याच्या गावांतल्या अनेकांच्या नशिबी कुबडीच होती. हे मान्य करूनच पुढचं बोललं पाहिजे.

जयपूरचं सॉकेट खालून उघडं असे. उन्हाळ्यात त्याचा फायदा होता, घाम साचत नसे. पण बर्कलीने जो ‘सगळीकडे टेकलं पाहिजे’ असा धडा दिला होता, तो त्यात नव्हता. २००४ साली, सेठींचा लेख ज्या नियतकालिकात आला होता त्याच नियतकालिकात, डेन्मार्कचे स्टीन येन्सन आणि सहकाऱ्यांनी हाँडुरास, युगांडा आणि भारतातल्या, गुडघ्याखाली पाय गेलेल्या एचडीपीई-जयपूर पाय वापरणाऱ्यांचा पाठपुरावा छापला. त्यात बोट ठेवलं होतं ते मुख्यतः सॉकेटच्या बसण्यावर. मला यात पाइपचा दोष दुय्यम वाटतो. मूळ अडचण वेळेची आहे. काही तासांत तयार होणारं सॉकेट हा वरदानाचाच भाग, पण त्याच घाईत प्रतिकृती किसणारा हात थांबून विचार करत नाही. आणि एका दिवसात शेकडो पाय बसवल्याचा आकडा वर्तमानपत्रात येतो, वर्षानंतर त्यातले किती पायांत आहेत हा आकडा येत नाही. मोजलं जातं ते वाटप. सेवेचं माप वाटपाने घ्यायची ही सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि ती फक्त पायांपुरती नाही.

स्टंप स्थिर नसतो. शस्त्रक्रियेनंतरची सूज ओसरते, न वापरलेले स्नायू सुकतात, आणि पहिल्या वर्षात तो सारखा लहान होत जातो. पहिलं सॉकेट काही महिन्यांत सैल पडणारच. ते कारागिराचं अपयश नसून तसंच अपेक्षित असतं. सैल सॉकेटमध्ये स्टंप खाली घसरतो, वाटीखालचा कठडा वाटीवरच टेकतो, नडगीचं टोक तळाशी आपटतं. मग फोड, मग जखम. मधुमेही माणसाला ती जखम कळतच नाही, आणि पाय पुन्हा, या वेळी गुडघ्याच्या वर, कापायची वेळ येऊ शकते. साडेपाच इंच वाचवण्यासाठी केलेलं सगळं तिथे संपतं.

हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा जिल्हा झाला. जवळचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नांदेडचं, १९८८ चं, ८०-९० किलोमीटरवर. मराठवाड्यातलं सर्वांत जुनं औरंगाबादचं, १९५६ चं. २०२४ साली खुद्द हिंगोलीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर अस्थिरोग विभाग येतो. प्लास्टरची खोली, ओव्हन आणि किसणी घेऊन बसलेला प्रॉस्थेटिस्ट मात्र आपोआप येत नाही, त्याचं पद वेगळं मागावं लागतं. १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याने हा व्यवसाय नोंदणीचा केला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. शिबिराला जागा, मांडव आणि पाहुणे लागतात. दुरुस्तीला एक कायमची खोली लागते, आठवड्यातून एक दिवस उघडणारी असली तरी चालेल.

तोपर्यंत हिशोब मोज्यांवर चालतो. सॉकेट सैल झालं की स्टंपवर जाड सुती मोजा चढवायचा. सकाळी एक, दुपारपर्यंत स्टंप आणखी उतरला की दुसरा. पाय वापरणारा मुरलेला माणूस हे घड्याळासारखं जाणतो, आणि शेतात जाताना एक जादा मोजा पिशवीत ठेवतो. मोजे रोज धुवावे लागतात, वाळवावे लागतात. ओला मोजा कातडी सोलतो, म्हणून पावसाळ्यात चार जोड लागतात. दोन मोज्यांवर पाय नीट चालला तर ठीक. तीन-चार चढवूनही तो आत फिरू लागला की सॉकेट नवीन करायची वेळ आली, असं शिकवतात. नवीन सॉकेटसाठी कुठे जायचं, हे विचारलं तर हिंगोलीत मिळणारं उत्तर पुढच्या शिबिराची तारीख असतं.